जुन्या बीएमडब्ल्यूचे व्हॅनोस सील बदलताना: नाशिकच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून येताना कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकायचं. दुसरा गिअर, दोन हजारच्या आसपास आरपीएम. पुढे जागा मिळाली म्हणून ॲक्सिलरेटर दाबायचा, तर गाडी नुसती घुमते, ओढत नाही. काटा तीन हजारांच्या पुढे गेला की मात्र मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. माझ्या २००२ च्या ३२५आयचं दोन वर्षं हेच चाललं होतं. या दोन वर्षांत मी प्लग, कॉइल, सेन्सर, पेट्रोल फिल्टर असं बरंच काही बदललं. शेवटी दोष निघाला व्हॅनोसच्या बांगडीसारख्या चार रिंगांमध्ये, म्हणजेच सीलमध्ये. तेव्हापासून अंबडच्या एका फिटर मित्रासोबत हे काम आम्ही बऱ्याच गाड्यांवर केलं. लोक जे विचारतात, ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवतोय.

व्हॅनोस म्हणजे नेमकं काय?

व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ इंजिन चालू असतानाच पुढे-मागे करणारी यंत्रणा. इंजिनच्या पुढच्या बाजूला, टॅपेट कव्हरच्या तोंडाशी, ॲल्युमिनियमचा एक डबा बसवलेला असतो. त्यात दोन पिस्टन असतात, एक इनटेक कॅमशाफ्टसाठी (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि एक एक्झॉस्टसाठी. इंजिन ऑइलच्या दाबाने हे पिस्टन पुढे-मागे सरकतात. पिस्टनला जोडलेल्या शाफ्टचे दात तिरके कापलेले असल्यामुळे पिस्टन सरळ सरकला तरी कॅमशाफ्ट थोडा वळतो. क्रँकच्या मापाने इनटेक बाजूला ४० अंश आणि एक्झॉस्ट बाजूला २५ अंश एवढी ही हालचाल आहे. तेल कोणत्या बाजूला सोडायचं ते सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ठरवतो आणि सोलेनॉइडला हुकूम इंजिनचा कॉम्प्युटर देतो.

माझ्या गाडीला हे लागू आहे का?

आधी इंजिन बघा, मॉडेलचं नाव नंतर. इथे जे लिहिलंय ते सरळ सहा सिलिंडरच्या एम५२टीयू (१९९८ पासून) आणि एम५४ (२००० पासून) या दोन इंजिनांबद्दल आहे. ई४६ थ्री सिरीज, ई३९ फाइव्ह सिरीज आणि ई६० च्या सुरुवातीच्या ५२५आय-५३०आय यांत ही इंजिनं सापडतात. त्याआधीच्या, १९९२ नंतरच्या इंजिनांत व्हॅनोस फक्त इनटेक बाजूला होता. तिथे काम तेच, पण किट वेगळं लागतं.

आपल्याकडे एक गल्लत नेहमी होते. चेन्नईच्या कारखान्यातून २००७ पासून ज्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल गाड्या आल्या, त्यांच्यात पुढच्या पिढीचं इंजिन आहे. त्यात पिस्टनवाला डबा नाही, पाकळ्यांचा फिरता गिअर आहे. त्या गाडीसाठी हे सील मागवू नका. तिथे बहुतेक वेळा सोलेनॉइड साफ करणं किंवा बदलणं हाच उपाय असतो.

सील खराब होतात म्हणजे काय होतं?

प्रत्येक पिस्टनच्या खाचेत दोन रिंगा एकावर एक बसतात. आत रबराची ओ-रिंग, तिच्यावर टेफ्लॉनची चपटी रिंग. डब्यातल्या सिलिंडरच्या भिंतीला घासते ती टेफ्लॉनची. टेफ्लॉनला स्वतःची उसळी नसते, त्यामुळे तिला बाहेर दाबून धरायचं काम आतल्या रबराचं. सगळी मेख इथे आहे.

मूळ ओ-रिंग नायट्राइल रबराची. नायट्राइल शंभर ते एकशेवीस अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिलं की कडक होत जातं, आणि या इंजिनातलं तेल रोजच त्या तापमानाला पोचतं. काही वर्षांनी रिंग प्लास्टिकसारखी होते. तिची उसळी गेली की टेफ्लॉन भिंतीपासून सैल पडतो. तेल पिस्टनला ढकलायच्या ऐवजी कडेने निसटतं आणि पिस्टन उशिरा सरकतो किंवा मधेच थांबतो. कॉम्प्युटर एक कोन मागतो आणि कॅमशाफ्ट दुसऱ्याच कोनावर उभा असतो.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, अशा गाडीचं ‘इंजिन बसलं’ असं कुणी म्हटलं तर घाबरून गाडी विकायला काढू नका. इंजिनाचे बोअर, पिस्टन, हेड सगळं ठणठणीत असू शकतं. थकलेलं असतं ते रबर. डोंगर पोखरून उंदीर काढल्यासारखं वाटेल, पण हा उंदीर गाडीची बरीच ताकद खाऊन बसलेला असतो.

लक्षणं कोणती?

तीन हजार आरपीएमच्या खाली ओढ कमी आणि वर अचानक जोर, हे मुख्य. थंड इंजिनावर आयडल डळमळतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा सकाळी हे जास्त जाणवतं, कारण कडक झालेलं रबर थंडीत आणखी कडक होतं. सिग्नलवरून निघताना गाडी एकदा अडखळते. शहरात ॲव्हरेज घसरतं. आणि गाडी रोज चालवणाऱ्याला यातलं काहीच लक्षात येत नाही, कारण ऱ्हास वर्षानुवर्षं हळूहळू होत असतो. माझ्या भावाने सहा महिन्यांनी गाडी चालवली आणि तो म्हणाला, “दादा, ही आधी अशी नव्हती.” तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

स्कॅनरवर एरर येत नाही. मग सील खराब कसे?

येत नाही, हीच तर अडचण. पिस्टन उशिरा का होईना सरकतो, त्यामुळे कॉम्प्युटर बराच काळ गप्प राहतो. एररच्या यादीवर थांबू नका. लाइव्ह डेटामध्ये कॅमशाफ्टचा मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी शेजारी लावा आणि इंजिन गरम झाल्यावर आरपीएम वर-खाली करा. दुसरा आकडा पहिल्याच्या मागे रखडत असेल तर दिशा कळली.

साधन नसेल तर एक जुनी खूण: दोन्ही सोलेनॉइडचे कनेक्टर काढून छोटी चक्कर मारा. गाडी आधीसारखीच चालली तर व्हॅनोस आधीपासूनच काम करत नव्हता. यात चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर पुसून घ्यावा लागतो.

एका ठिकाणी सेन्सर बदलायला सांगितले, दुसरीकडे पूर्ण युनिट. कुणाचं ऐकू?

दोघांच्याही आधी हवेची गळती तपासा. या इंजिनांत एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी बूट खालच्या बाजूने चिरतो, वरून काही दिसत नाही. क्रँककेसचा श्वास घेणारा व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या तडकतात. इनटेकमधल्या डिसा व्हॉल्व्हची (हवेची वाट बदलणारी झडप) पाकळी सैल होते, आणि तिची पिन तुटून आत गेली तर इंजिनाचं खरोखर नुकसान होतं. धुराच्या मशिनने दहा मिनिटांत हे सगळं कळतं.

कॅमशाफ्ट सेन्सरही या वयात जातात, पण ते गेले तर बहुधा एरर देऊन जातात. माझ्या गाडीचे दोन्ही सेन्सर एका वर्कशॉपमध्ये बदलले गेले, गाडीत तसूभर फरक पडला नाही, आणि काढलेले सेन्सर मला परतही मिळाले नाहीत. आता जुना भाग हातात घेतल्याशिवाय मी बिल देत नाही.

पूर्ण युनिट बदलायची गरज फार क्वचित. डब्याच्या सिलिंडरवर खोल चरे असतील तर, किंवा सोलेनॉइड जळाला असेल तर.

आयडलला गोट्या खुळखुळल्यासारखा आवाज येतो. सील बदलून जाईल?

नाही. तो वेगळा दोष. पिस्टन आणि शाफ्ट यांच्यामधल्या बेअरिंगला झिजून ढिलाई आली की असा खडखडाट होतो. त्यासाठी जाडीत फरक केलेली रिंग वेगळी मिळते. डबा उघडलेलाच असतो, त्यामुळे आवाज असेल तर दोन्ही कामं एकदम करून घ्या. नुसत्या आवाजाने ताकद कमी होत नाही, हेही लक्षात ठेवा.

सील कुठले घ्यायचे? द्वारका किंवा सातपूरला मापाची ओ-रिंग मिळेल ना?

मिळेल. हा प्रयोग मी केलेला आहे. नाशिकमध्ये कारखान्यांमुळे ओ-रिंगची दुकानं भरपूर, व्हर्नियर घेऊन गेलो आणि मापात जवळची व्हिटॉनची (जास्त उष्णता सोसणारं रबर) रिंग आणली. टेफ्लॉनची जुनीच ठेवली. दोन महिने गाडी छान चालली आणि पुन्हा मूळ पदावर आली. उघडल्यावर दिसलं, की ओ-रिंगची जाडी किंचित जास्त असल्यामुळे टेफ्लॉन एका बाजूने जास्त घासला होता. चूक माझीच होती. एवढं सगळं खोलल्यावर चार रिंगांवर पैसे वाचवायचे नव्हते.

दोन टेफ्लॉन आणि दोन व्हिटॉन ओ-रिंग असलेलं, तुमच्या इंजिनासाठीच बनवलेलं किट मागवा. व्हिटॉन सुमारे २०० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून हे काम पुन्हा करायची वेळ सहसा येत नाही. टेफ्लॉनची रिंग लेथवर काढून देतो असं सांगणारेही भेटतील. हात कितीही चांगला असला तरी नको. त्या रिंगेची जाडी, रुंदी आणि कडांची गोलाई तिन्ही जुळावं लागतं.

इंजिन उतरवावं लागतं का? टायमिंग हलतं का?

इंजिन जागेवरच राहतं. पंखा आणि त्याचं आवरण, फायरवॉलजवळचा केबिन फिल्टरचा खोका, सहा कॉइल, टॅपेट कव्हर एवढं काढलं की डबा समोर येतो. त्याआधी क्रँक हाताने फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीला, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर येईल तिथे, आणा. फिरवायचा तो फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून.

सील बदलायला क्रँक आणि कॅमशाफ्टचं टायमिंग नव्याने लावावं लागत नाही. पण डबा बाहेर असताना क्रँक किंवा कॅमशाफ्ट अजिबात फिरवायचा नाही आणि चुकूनही स्टार्टर मारायचा नाही. आम्ही बॅटरीची वायर काढतो आणि चावी मालकाच्या खिशात ठेवायला लावतो. ज्याचं टायमिंग आधीच कुणी बिघडवून ठेवलंय, त्याला लॉकिंगची साधनं लागतात.

कुठे हमखास चूक होते?

उलट्या आट्यांवर. पिस्टनला शाफ्टशी जोडणारा टी३० टॉर्क्सचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. सवयीने डावीकडे फिरवलात तर तो आणखी आवळतो, मग डोकं झिजतं आणि तिथून पुढे दिवस वाया. ज्या गाड्यांना व्हिस्कस पंखा आहे, त्याचा ३२ चा नटही उलटाच. बाहेरून दिसणाऱ्या दोन झाकणांचे आटे मात्र सरळ आहेत. आम्ही बोल्टजवळ खडूने बाण काढतो. दहा गाड्या झाल्या तरी काढतो.

दुसरी चूक म्हणजे तो टी३० बोल्ट चेनच्या विहिरीत पडणं. एकदा रात्री नऊ वाजता आमच्या हातून पडला. लवचीक दांडीचं चुंबक घेऊन अकरापर्यंत शोधत होतो, गाडीमालक शेजारी उभे. सापडला, पण त्या दोन तासांत मित्राचा चेहरा पार उतरला होता. तेव्हापासून बोल्टला हात लावायच्या आधी खालची मोकळी जागा स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करतो आणि डबा परत चढवताना ते कापड मोजून बाहेर काढतो.

तिसरी चूक छोटी आहे: इनटेक सोलेनॉइडचा कनेक्टर. वीस वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, ओढू नका. क्लिप नीट दाबली गेली की तो आपसूक निघतो.

रिंग बसवायची पद्धत सांगाल का?

सांगतो, सविस्तर. खरं काम एवढंच आहे, बाकी सगळी उघडझाप.

जुना टेफ्लॉन ब्लेडने वरून हलका कापायचा. ब्लेड खाचेच्या तळाला लागता कामा नये. पिस्टनवर पडलेला ओरखडा नव्या रिंगेलाही गळका करतो. जुनी ओ-रिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने उचला. कडक झालेली असेल तर तुकडे पडतात, ते सगळे गोळा करा, एकही तेलाच्या वाटेत राहू देऊ नका. खाच ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा.

नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइल लावून ती खाचेत बसवा आणि बोट फिरवून पीळ पडलेला नाही याची खात्री करा. टेफ्लॉनची रिंग कडकडीत गरम पाण्यात मिनिटभर ठेवली की मऊ होते. चहाचं पातेलं पुरेल, घरी विचारून घ्या. बाहेर काढली की लगेच, एका बाजूने खाचेत अडकवून दोन्ही अंगठ्यांनी समान ताण देत पलीकडे सरकवायची. दुमडली, चेपली, टोकदार वळण पडलं तर ती रिंग गेली असं समजा.

आता रिंग थोडी ताणलेली दिसेल, पिस्टन सिलिंडरमध्ये जाणार नाही असं वाटेल. घाई नको. तेल लावून, पिस्टन किंचित तिरका धरून, बोटांनी रिंग सगळीकडून आत दाबत हलकेच सरकवा. आत गेल्यावर दहा-पंधरा वेळा पुढे-मागे करा, की रिंग आपला आकार घेते. जुन्या सीलवर पिस्टन बोटाने ढकलून पाहिला असेल तर फरक हातालाच कळतो: तेव्हा तो सहज घसरायचा, आता सगळीकडून सारखा धरून चालतो. हातोडी, स्क्रूड्रायव्हर यांचं इथे काही काम नाही.

सोबत काय बदलून घ्यावं?

टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं हवंच, जुनं पुन्हा बसवलं तर तेल एक्झॉस्टवर ठिबकतं आणि जळका वास केबिनमध्ये येतो. कव्हरच्या बोल्टखालची रबरं, डब्यामागचं पॅकिंग, तेलाच्या नळीचे दोन्ही वायसर हेही नवे घ्या. डबा आणि हेड जिथे मिळतात ते कोपरे आणि मागचे अर्धचंद्र इथे सिलिकॉनचा बारीक ठिपका द्या. फासू नका, जास्तीचं सिलिकॉन सुटून तेलाच्या जाळीत जातं. कव्हरचे बोल्ट १० न्यूटन मीटरला, मधून बाहेर असे आवळा.

पंखा निघालेलाच असतो, तेव्हा पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंटची प्लास्टिक टाकी डोळ्यांखालून घाला. या गाड्यांना मारते ती गरमी, आणि एप्रिलमध्ये चाळिशीच्या पुढच्या उन्हात घाट चढताना टाकी फुटली तर व्हॅनोसची चर्चा तिथेच संपते.

किती वेळ लागतो? घरी करता येईल?

पहिल्यांदा करत असाल तर शनिवार-रविवार दोन्ही धरा. हात बसलेला फिटर एका दिवसात करतो. घरी करता येतं, पण उघड्या अंगणात नको. टॅपेट कव्हर उघडं असताना धूळ आणि पावसाची झड, दोन्ही इंजिनाचे वैरी.

खर्चाचा अंदाज?

किटचा खर्च पूर्ण नव्या युनिटच्या मानाने अगदी किरकोळ. बिलाचा मोठा भाग मजुरी आणि पॅकिंगचा असतो. फिटरला आधी विचारा, “भाऊ, या इंजिनाचं टी३० कोणत्या बाजूला सुटतं?” उत्तर बरोबर आलं तर मजुरीत घासाघीस करू नका.

सुरू केल्यावर खडखड वाजतंय. काही चुकलं का?

डब्यातलं तेल निघून गेलेलं असतं, पहिले काही सेकंद वाजणारच. आवाज टिकून राहिला किंवा ऑइलचा दिवा विझला नाही तर लगेच बंद करा आणि तेलाच्या नळीचा बोल्ट आणि वायसर तपासा.

ताकद लगेच परत येते का?

थोडी लगेच, बाकीची काही शे किलोमीटरमध्ये. रिंगा भिंतीशी जुळवून घेतात आणि कॉम्प्युटरही आपले जुने हिशोब सुधारतो. पहिले काही दिवस मिळमिळीत चालवू नका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आरपीएम वरपर्यंत जाऊ द्या. चाचणीसाठी चांदवडजवळचा राहुड घाट किंवा कसारा. समृद्धीवरून इगतपुरीचा बोगदा धरलात तर रस्ता सुंदर, पण ही परीक्षा तिथे होत नाही. कमी आरपीएमवरची चढण हवी. तिसऱ्या गिअरमध्ये अठराशेवरून गाडीने एकसारखं ओढलं पाहिजे, कुठेही पायरी जाणवता कामा नये.

ऑइल कोणतं, किती दिवसांनी?

एम५४ ला फिल्टरसकट साडेसहा लिटर ५डब्ल्यू-३० लागतं, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मान्यतेचं. गाडी दाखवेल तोपर्यंत थांबू नका. आपल्या उन्हात आणि गंगापूर रोडच्या रांगांत मी सात-आठ हजार किलोमीटरला बदलतो, गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा.

ई२० पेट्रोलमुळे हे सील गेले का?

नाही. हे सील तेलात असतात, पेट्रोल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मात्र त्या काळातल्या गाड्या इतक्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्या नियमित बघा.

माझी होंडा सिटी किंवा स्विफ्ट आहे. मला काय उपयोग?

थोडाच. होंडाच्या व्हीटेकमध्ये तेलाच्या दाबाने पिन अडकून व्हॉल्व्ह दुसऱ्या आकाराच्या कॅमवर चालू लागतात. तिथे हेडवरच्या सोलेनॉइडखालचं रबरी पॅकिंग कडक होऊन तेल गळतं आणि त्याची बारीक जाळी तुंबते. मारुतीच्या के-सिरीज व्हीव्हीटीमध्ये ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची ओ-रिंग बघतात. दोन्हीकडे काम तासाभराचं, आणि दोन्हीकडे मूळ कारण बहुतेक वेळा एकच: ऑइल वेळेवर न बदलणं.

जुन्या रिंगा फेकून द्यायच्या?

आधी ओ-रिंग नखाने दाबून बघा. खूण उमटत नसेल, वाकवल्यावर मोडत असेल, तर निदान बरोबर होतं. मग छोट्या पिशवीत घालून, तारीख आणि किलोमीटर लिहून सर्व्हिस बुकला स्टेपल करा. पुढे कधी गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला हे काम झालंय की नाही याचा शोध घेत बसावं लागणार नाही.